किती वाजता पोहोचाल?

विमानाच्या आगमनाची वेळ कशी ठरते, ती का चुकते आणि तिच्यावर भरवसा किती ठेवावा, याचा एक धांडोळा

बंगळूरच्या आग्नेय भागात कोरमंगलाच्या बाजूने निघून इब्लूर, दोड्डकन्नेल्ली, कोडती, दोम्मसंद्र ही गावे मागे टाकीत सर्जापूरला जाणारा रस्ता म्हणजे सर्जापूर रोड. एके काळी नाचणीच्या शेतांमधून जाणाऱ्या या रस्त्याच्या दुतर्फा आता माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आणि उंच गृहसंकुले उभी आहेत. विप्रोचे मुख्यालयही याच रस्त्यावर आहे. या संकुलांतील दारांवरच्या पाट्या वाचत गेल्यास कुलकर्णी, पाटील, शिंदे, जोशी ही आडनावे हटकून भेटतात. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून बंगळूर मराठी माणसाला परके नाही. फरक इतकाच, की तेव्हा पुण्याहून येथे यावयास कित्येक दिवसांची मजल-दरमजल करावी लागे आणि आज विमान प्रत्यक्ष आकाशात जेमतेम तास-सव्वा तास असते.

तरीही या घरांतून दूरध्वनीवर एक प्रश्न सतत विचारला जातो : ‘किती वाजता पोहोचाल?’ नातवंडांना भेटावयास पुण्याहून निघालेल्या आजी-आजोबांना तो विचारला जातो. दिवाळीसाठी अमेरिकेहून येणाऱ्या मुलाला विचारला जातो. आणि कधी मध्यरात्री साताऱ्याहून किंवा कोल्हापूरहून वडील गेल्याचा निरोप येतो, तेव्हा तिकडच्या मंडळींकडून तोच प्रश्न जड आवाजात येतो. अशा वेळी उत्तरातल्या एका तासाच्या चुकीला फार मोठी किंमत असते. उशिरापेक्षाही माणसाला अधिक छळते ती अनिश्चितता. दोन तास उशीर होणार हे आधीच ठाऊक असेल तर मनुष्य त्याप्रमाणे व्यवस्था लावतो. ‘आता येईल, मग येईल’ या स्थितीत मात्र त्याला काहीच ठरविता येत नाही.

विमानतळ दूर गेला तेव्हा

सन २००८ पर्यंत बंगळूरची प्रवासी विमाने एचएएलच्या जुन्या विमानतळावर उतरत. सर्जापूर रोडच्या शहराकडील टोकापासून हे ठिकाण अवघ्या दहा-बारा किलोमीटरांच्या टप्प्यात होते. विमान उतरल्याचे कळल्यावर घरातून निघाले तरी पाहुण्यांना फार वेळ ताटकळावे लागत नसे. २४ मे २००८ रोजी देवनहळ्ळी येथील नवा विमानतळ सुरू झाला आणि नियमित प्रवासी वाहतूक तिकडे गेली. डिसेंबर २०१३ मध्ये त्याला बंगळूरचे संस्थापक केंपेगौडा यांचे नाव देण्यात आले.

नवा विमानतळ प्रशस्त आहे, सुंदर आहे. पण सर्जापूर रोडवरून तो चाळीस ते पन्नास किलोमीटर दूर आहे. बाह्य वळण रस्त्याने हेब्बाळ गाठून जावे किंवा हेन्नूर-बागलूरच्या आडवाटेने. पहाटे तासाभरात होणारा हा प्रवास सायंकाळी दुपटीहून अधिक वेळ घेऊ शकतो. पुण्याहून बंगळूरला यावयास आकाशात जितका वेळ लागतो त्याहून अधिक वेळ विमानतळावरून घरी यावयास लागावा, ही आजच्या प्रवासाची गंमतही आहे आणि व्यथाही. साहजिकच घरातून घ्यावयास जाणाऱ्या माणसाला आता विमान उतरण्याच्या दीड-दोन तास आधीच अंदाज बांधावा लागतो.

छापील वेळेच्या पोटात काय असते?

तिकिटावर छापलेली आगमनाची वेळ ही विमानाची चाके धावपट्टीला टेकण्याची वेळ नसते. विमान आपल्या जागेवरून हलले तो क्षण आणि ते दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी येऊन उभे राहिले तो क्षण, या दोहोंमधील काळ वेळापत्रकात धरलेला असतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, तेथे आपली पाळी येईपर्यंत थांबणे, प्रत्यक्ष उड्डाण, उतरण्यासाठी आकाशात थांबावे लागल्यास तो वेळ आणि उतरल्यावर फलाटापर्यंत येणे, हे सारे येते. पुणे-बंगळूर प्रवासाची वेळ वेळापत्रकात साधारण दीड तासाच्या आसपास दिसते ती यामुळेच.

यात आणखी एक गोष्ट दडलेली असते. नेहमी होणारा थोडाफार खोळंबा विमान कंपन्या आधीच हिशेबात धरतात आणि वेळापत्रकातील काळ काहीसा सैल ठेवतात. ‘आपण नियोजित वेळेच्या वीस मिनिटे आधी उतरलो आहोत’ अशी घोषणा वैमानिक अभिमानाने करतो, तेव्हा बहुधा ही शिल्लक ठेवलेली मिनिटे खर्च न झाल्याचाच तो आनंद असतो. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर ही एक प्रकारची राखीव गंगाजळी होय.

वक्तशीरपणा मोजण्याची रीतही समजून घेण्याजोगी आहे. नियोजित वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आतील विमान ‘वेळेवर’ मानण्याचा प्रघात जगभर आहे. अमेरिकेत सन १९८७ पासून मोठ्या विमान कंपन्यांना आपल्या वक्तशीरपणाची आकडेवारी सरकारला सादर करावी लागते. आपल्याकडेही नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजेच डीजीसीए, प्रमुख महानगरांतील विमानतळांवरील वक्तशीरपणाचे आकडे दरमहा प्रसिद्ध करते. ग्राहकाने हे आकडे जरूर पाहावेत. परंतु वेळापत्रक जितके सैल तितका वक्तशीरपणाचा आकडा चांगला, हेही ध्यानी ठेवावे.

शंभर टक्के वक्तशीर विमानसेवा

भारतीय हवाई वाहतुकीच्या आरंभीच एक विलक्षण उदाहरण आढळते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका छोट्या पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानापर्यंत टपाल आणले. तेथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बळ्ळारीमार्गे मद्रासला पोहोचविले. मार्गात रेडिओ नव्हता, दिशादर्शक यंत्रणा नव्हती. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. सह्याद्रीवरील वादळी पाऊस तर ठरलेलाच.

असे असूनही पहिल्या वर्षात सुमारे १,६०,००० मैलांचे उड्डाण करून या सेवेने शंभर टक्के वक्तशीरपणा राखला. ऐन पावसाळ्यातही कराचीला पुढच्या विमानाशी होणारी टपालाची गाठ एकदाही चुकली नाही, अशी प्रशंसा तत्कालीन नागरी विमान वाहतूक खात्याने आपल्या अहवालात केली.

आजच्या जेट विमानांपुढे खेळण्यासारख्या भासणाऱ्या त्या विमानाला हे कसे साधले? वैमानिकांचे कौशल्य आणि शिस्त हे त्याचे पहिले कारण. दुसरे कारण असे, की आकाश मोकळे होते. सेवा आठवड्यातून एकदाच होती. एका फेरीतला उशीर दुसऱ्या फेरीच्या डोक्यावर येऊन बसत नव्हता. एखादे वादळ टाळून, थोडे थांबून पुढे जाण्यास अवसर होता. वेग आणि वेळेचा भरवसा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा त्या इतिहासात आहे. वेग यंत्राने मिळतो. भरवसा मात्र मोकळ्या ठेवलेल्या वेळातून मिळतो.

खिडकीपुढची रांग

हा मोकळा वेळ संपला की काय होते, ते पाहावयास मुंबईसारखे दुसरे ठिकाण नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींचा एकाच वेळी स्वतंत्र उपयोग करता येत नाही. तरीसुद्धा डिसेंबर २०१८ मध्ये या विमानतळाने चोवीस तासांत एक हजाराहून अधिक विमानांची ये-जा हाताळण्याचा विक्रम केला होता.

विक्रम कौतुकास्पद खरा. पण अशा क्षमतेच्या काठावर चालणाऱ्या व्यवस्थेत प्रतीक्षा कशी वाढते, हे आपल्या शाखेतील रोखपालाच्या खिडकीवरून सहज समजते. कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी सन १९०९ मध्ये या विषयावर पहिला शोधनिबंध लिहिला आणि त्यातून रांगांचे शास्त्र जन्मास आले. समजा, एका ग्राहकाचे काम सरासरी चार मिनिटांत होते आणि ग्राहक केव्हाही येतात. रोखपाल ऐंशी टक्के वेळ कामात असेल तर ग्राहकाला सरासरी सोळा मिनिटे रांगेत थांबावे लागते. हेच प्रमाण नव्वद टक्क्यांवर गेले की प्रतीक्षा छत्तीस मिनिटांची होते आणि पंचाण्णव टक्क्यांवर ती शहात्तर मिनिटांवर जाते. काम थोडेसेच वाढते. रांग मात्र अनेक पटींनी वाढते. विमाने ग्राहकांसारखी अवचित येत नाहीत, त्यांना क्रम लावून दिलेला असतो. म्हणून हे आकडे धावपट्टीला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. पण रांगेचा स्वभाव तोच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने हेच ओळखून मुंबईतील विमानांची संख्या कमी करावयास लावली. गर्दीच्या तासांत ताशी ४६ ऐवजी ४४ आणि अन्य वेळी ४४ ऐवजी ४२ उड्डाणे-अवतरणे, अशी मर्यादा घालण्यात आली. विमानांना शहरावर चाळीस ते साठ मिनिटे घिरट्या घालाव्या लागत असून त्यात प्रत्येक वेळी १.७ ते २.५ किलोलिटर इंधन जळते, म्हणजे सुमारे १.८ ते २.६ लाख रुपयांचा धूर होतो, असे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने त्या वेळी नमूद केले होते. तासाला दोन विमाने कमी, हा बदल वरवर किरकोळ दिसतो. रांगेचे गणित जाणणाऱ्याला त्याचे मोल कळते. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ प्रवाशांसाठी खुला झाला आहे. तेथे उतरलेले पहिले प्रवासी विमान बंगळूरहूनच आले होते, ही आपल्या विषयाच्या दृष्टीने एक सुखद नोंद.

घिरट्या टाळण्यासाठी आता आणखी एक उपाय योजतात. उतरण्याच्या ठिकाणी गर्दी असेल तर विमानाला निघण्याच्या ठिकाणीच रोखून धरतात. बंगळूरला स्वच्छ ऊन पडलेले असताना मुंबईचे विमान जागचे हलत नाही, तेव्हा प्रवासी वैतागतात. वस्तुतः तो थांबा आकाशात न होता जमिनीवर होत असतो, एवढेच.

पुण्याचे लष्कर, बंगळूरचे धुके

प्रत्येक विमानतळाचा स्वभाव निराळा असतो. पुण्याचा लोहगाव विमानतळ मूळचा हवाई दलाचा आहे. तेथील धावपट्टीवर पहिला हक्क लढाऊ विमानांचा असल्याने नागरी विमानांना त्यांच्या सरावाच्या वेळा सांभाळून जागा मिळते. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी १६ ते २९ तारखांच्या दरम्यान हा विमानतळ संपूर्ण बंद ठेवावा लागला होता, हे पुणेकरांना स्मरत असेल. गोव्याचा दाभोळी विमानतळही नौदलाच्या तळावर असल्यामुळे तेथेही अशीच तडजोड असते.

बंगळूरजवळ येलहंका येथे हवाई दलाचा तळ आहे. दर दोन वर्षांनी फेब्रुवारीत तेथे ‘एरो इंडिया’ हे हवाई प्रदर्शन भरते. २०२५ मध्येही ते भरले होते. त्या दिवसांत कसरतींसाठी आकाश काही तास बंद ठेवतात आणि केंपेगौडा विमानतळावरील उड्डाणांच्या वेळा बदलतात. ही माहिती आधीच जाहीर होत असल्याने थोडे लक्ष ठेवणाऱ्याला तिचा त्रास होत नाही.

धुक्याचे तसे नाही. देवनहळ्ळीचा परिसर उंच, मोकळा आणि थंड आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेपासून सकाळी आठ-साडेआठपर्यंत तेथे दाट धुके उतरते. विमाने थांबतात, प्रसंगी चेन्नई किंवा हैदराबादकडे वळविली जातात. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या धावपट्टीवर पुढे अत्यल्प दृश्यमानतेतही उतरता येईल अशी यंत्रणा बसविण्यात आली. तथापि यंत्रणा असून भागत नाही. विमान त्या प्रकारच्या उपकरणांनी सज्ज असावे लागते आणि वैमानिकाने त्याचे विशेष प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत दुपारनंतरचे गडगडाटी पाऊस हे बंगळूरचे दुसरे दुखणे.

लांबच्या प्रवासात वाऱ्याचा हिशेब येतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. त्यामुळे मुंबईहून लंडनला जावयास जितका वेळ लागतो, त्याहून परतीच्या प्रवासाला सुमारे तासभर कमी लागतो. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली केवळ महिला वैमानिकांच्या चमूने एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवाच्या वाटेने थेट बंगळूरला आणले. जवळपास सतरा तासांच्या त्या प्रवासाने या शहरातील अनेक कुटुंबांना परदेशस्थ मुलांच्या जवळ आणले. अशा दीर्घ प्रवासाची एक खुबी आहे. निघताना झालेला थोडा उशीर वाटेत भरून काढण्यास तेथे अवसर मिळतो. तासाभराच्या प्रवासात तो मिळत नाही.

एका विमानाचा दिवस

प्रवाशाला आपला प्रवास स्वतंत्र वाटतो. विमानाच्या दृष्टीने मात्र तो दिवसभराच्या पाच-सहा फेऱ्यांपैकी एक असतो. पुण्याला सायंकाळी आपल्यासाठी उभे राहणारे विमान सकाळी दिल्लीत, दुपारी कोलकात्यात असू शकते. दोन फेऱ्यांच्या मध्ये उतरणे, स्वच्छता, इंधन आणि पुन्हा चढणे यासाठी सामान्यतः अर्धा-पाऊण तास ठेवलेला असतो. सकाळी दिल्लीत चाळीस मिनिटांचा खोळंबा झाला तर तो पुढे पुढे सरकत रात्री पुण्यापर्यंत पोहोचतो. लग्नाच्या पंगतीत पहिली पंगत लांबली की शेवटची मध्यरात्री उठते, तसाच हा प्रकार. म्हणूनच दिवसाच्या पहिल्या विमानाचा भरवसा अधिक असतो. रात्री मुक्कामाला असलेले विमान सकाळी तेथेच उभे असते. बंगळूरच्या धुक्याचे दोन महिने मात्र या नियमाला अपवाद. त्या काळात पहाटेपेक्षा सकाळी उशिराचे विमान बरे.

विमानाप्रमाणेच वैमानिक आणि कर्मचारी यांचीही साखळी असते. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठी विमान कंपनी असलेल्या इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. ५ डिसेंबर या एकाच दिवशी हा आकडा एक हजाराच्या वर गेला. वैमानिकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांविषयीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा नोव्हेंबरपासून लागू झाला होता आणि त्याला पुरेल असे मनुष्यबळाचे नियोजन झालेले नव्हते. थकलेल्या वैमानिकाला विश्रांती मिळालीच पाहिजे, याविषयी दुमत असू शकत नाही. परंतु अंगाला घट्ट बसेल इतके काटेकोर वेळापत्रक आखले, की एक धागा निसटताच सगळी वीण उसवते, हे त्या आठवड्यात बंगळूरसह देशभरातील प्रवाशांनी अनुभवले.

सरासरीचा फसवा हिशेब

‘या विमानाला सरासरी अकरा मिनिटे उशीर होतो’ असे कोणी सांगितले तर आपण निर्धास्त होतो. आता एक कल्पित उदाहरण घेऊ. दहा दिवसांपैकी आठ दिवस विमान अगदी वेळेवर आले, एक दिवस दहा मिनिटे लवकर आले आणि एक दिवस तब्बल दोन तास उशिरा आले. सरासरी काढली तर अकरा मिनिटे उशीर भरतो. पण एकाही दिवशी विमान अकरा मिनिटे उशिरा आलेले नाही! विमान लवकर येऊन येऊन किती लवकर येणार? दहा, फार तर वीस-पंचवीस मिनिटे. उशिराला मात्र अशी मर्यादा नाही. म्हणून सरासरीपेक्षा अधिक उपयोगी प्रश्न असा : दहांपैकी नऊ वेळा हे विमान किती वाजेपर्यंत आलेले असते? गुंतवणुकीचा सरासरी परतावा आणि तिच्यातील जोखीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमचे खातेदार जाणतातच. वेळेचेही तसेच आहे.

घरापर्यंतचा हिशेब करताना आणखी एक बाब लक्षात घ्यावी. समजा, विमानाच्या वेळेत वीस मिनिटांची, सामान मिळण्यात दहा मिनिटांची आणि रस्त्यावर तीस मिनिटांची मागे-पुढे होण्याची शक्यता आहे. आपण सरळ बेरीज करून साठ मिनिटे धरतो. वास्तविक तिन्ही गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर एकीचा तोटा दुसरीत भरून निघण्याचाही संभव असतो. संख्याशास्त्रानुसार अशा वेळी त्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढतात. ते सुमारे सदतीस मिनिटे येते. ही दिलाशाची बाब खरी, पण तिला एक अट आहे. सायंकाळी बंगळूरला धो धो पाऊस झाला, तर विमानही थांबते आणि बाह्य वळण रस्ताही तुंबतो. मग या अडचणी स्वतंत्र राहत नाहीत, हातात हात घालून येतात. अशा दिवशी सरळ बेरीजच खरी ठरते.

प्रवाशाने काय करावे?

या साऱ्या विवेचनातून काही व्यवहार्य गोष्टी हाती लागतात. महत्त्वाच्या कामासाठी जावयाचे असेल तर दिवसाचे शेवटचे विमान टाळावे. ते रद्द झाल्यास त्या दिवशी दुसरा पर्याय उरत नाही. विमान नेमके कोठे आहे हे आता भ्रमणध्वनीवर पाहता येते. तेथे केवळ आपल्या उड्डाणाची वेळ न पाहता, आपल्यासाठी येणारे विमान आधीच्या ठिकाणाहून निघाले आहे काय, हे पाहावे. पुष्कळदा कंपनीच्या निरोपाआधीच खरी स्थिती त्यावरून कळते. बंगळूरला कोणत्या टर्मिनलवर उतरावयाचे आहे, हेही आधी विचारून घ्यावे. जानेवारी २०२३ पासून देशांतर्गत विमाने दोन टर्मिनलांत विभागली गेली आहेत. वयस्क मंडळींसाठी चाकांच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी आणि त्यांना बाहेर येण्यास अधिक वेळ लागतो, हे धरून चालावे.

पुढचे विमान पकडावयाचे असेल तर शक्यतो दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्यावेत. अशा वेळी पहिल्या विमानाच्या उशिराने दुसरे चुकले तर पुढे पोहोचविण्याची जबाबदारी कंपनीवर येते. वेगवेगळी तिकिटे घेतली असल्यास तो भार आपल्यावर पडतो.

डीजीसीएच्या नियमांनुसार, अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाच्या विमानाला दोन तासांहून अधिक उशीर होणार असेल तर वेळेवर नोंदणी केलेल्या प्रवाशांना खाण्यापिण्याची व्यवस्था मिळावयास हवी. उशीर सहा तासांपेक्षा अधिक होणार असेल तर पर्यायी विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे परत, यांपैकी एक पर्याय कंपनीने दिला पाहिजे. हे हक्क शांतपणे पण ठामपणे मागावेत. प्रवास विमा घेतला असेल किंवा कार्डासोबत तो मिळत असेल, तर विलंबाविषयीची कलमे आधी वाचून ठेवावीत आणि कंपनीकडून विलंबाचा लेखी दाखला मागून घ्यावा. दाव्याच्या वेळी तोच उपयोगी पडतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट उत्तर देण्याच्या रीतीसंबंधी आहे. ‘किती वाजता पोहोचाल?’ या प्रश्नाला एकच वेळ सांगू नये, दोन सांगाव्यात. लवकरात लवकर केव्हा, आणि अगदी उशीर झाला तरी केव्हापर्यंत. सर्जापूर रोडवरून पहाटेच्या विमानाने पुण्याला आणि तेथून साताऱ्याला अंत्यदर्शनासाठी निघालेल्या मुलाने आपल्या काकांना असे सांगावे : ‘सगळे ठीक झाले तर साडेदहाला येतो. बारापर्यंत वाट पाहा. बारा वाजले तर माझ्यासाठी थांबू नका.’ हे वाक्य उच्चारणे सोपे नाही. पण त्यामुळे दारात जमलेल्या आप्तेष्टांना, वृद्ध आईला आणि गुरुजींना काय करावयाचे ते कळते. पुढे विमानाला उशीर झालाच, तर निर्णय घाईत वा संतापात घ्यावा लागत नाही. तो आधीच, शांत मनाने घेतलेला असतो.

निश्चिततेला नेहमीच मूल्य असते. मुदत ठेवीत आपण अधिक लाभाची आशा थोडी सोडून निश्चित परतावा स्वीकारतो. प्रवासात हेच मूल्य मोकळ्या ठेवलेल्या एका तासाच्या रूपाने द्यावे लागते. तो तास वाया गेला असे अनेकदा वाटेल. परंतु ज्या दिवशी धुके उतरते, धावपट्टीपुढे रांग लागते किंवा रस्ता पाण्याखाली जातो, त्या दिवशी तोच तास व्याजासह परत मिळतो. आपला पुढचा प्रवास आखताना तिकिटावरील वेळेशेजारी आपली स्वतःची दुसरी वेळ लिहून ठेवावी, आणि घरच्यांना दोन्ही सांगून निघावे.